खोली बघायला भरदुपारी जा

रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही रक्तदाब तपासायला टेबल मांडून बसतो. तपासणी दहा मिनिटांची असते, गप्पा तासभर चालतात, आणि त्यात औषधांपेक्षा घराचाच विषय जास्त निघतो. अकरा महिन्यांचा करार संपत आला की जो तो खोली शोधत असतो. गेल्या मार्चमध्ये एक ताई आल्या. त्यांच्यापुढे दोन खोल्या होत्या. एक वरची, पत्र्याची, भाडे दीड हजाराने कमी. दुसरी तळमजल्याची, स्लॅबखालची, नाल्यापासून चार घरे सोडून. ताई म्हणाल्या, "सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे. दिवसभर त्याच घरात असतात. कुठली घेऊ सांगा."

हा प्रश्न डॉक्टरांचा नाही, एजंटचा आहे, असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. भाडे, डिपॉझिट, पाण्याची वेळ, शाळा, स्टेशन हे सगळे आपण विचारतो. ऊन, वारा आणि पाऊस त्या खोलीत कसे येतात हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आपल्या आजोबा-पणजोबांना विचारायची सोयच नव्हती. गावकुसाबाहेरची जागा गावाने ठरवलेली, बरेचदा सखल, ओढ्याच्या कडेची. आज हातात पैसा थोडा असला तरी दोन खोल्यांतली एक निवडण्याचा हक्क आपल्याकडे आहे. तो नीट वापरावा म्हणून हा लेख.

हवामान म्हटले की आपण शहराचे हवामान समजतो. मुंबई दमट, नागपूर तापलेले, पुणे बरे. पण शहराचे असे एकच हवामान नसते. २६ जुलै २००५ आठवा. त्या दिवसाच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात एकाचे घर बुडाले आणि दुसऱ्याने छत्री उघडली. उन्हाचेही तसेच आहे. टीव्हीवर सांगतात तो पारा मोकळ्या जागी, पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत मोजलेला असतो. तुमच्या पत्र्याखाली काय चालले आहे ते त्या आकड्याला ठाऊक नसते.

उन्हाने माणूस का आजारी पडतो ते आधी समजून घेऊ. आपले शरीर आतून ३७ अंशांच्या आसपास राहायला धडपडते. बाहेर तापले की घाम येतो, घाम वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. यातला महत्त्वाचा शब्द 'वाळतो' हा आहे. नुसता घाम येऊन काही होत नाही. हवेत आधीच ओलावा भरलेला असेल तर घाम अंगावरून ओघळतो, पण वाळत नाही, आणि अंग थंड होत नाही. म्हणून नागपूरच्या ४४ अंशांत सावलीला बसून, पाणी पीत माणूस दिवस काढतो, तर मुंबई-ठाण्याच्या ३७-३८ अंशांत जीव कासावीस होतो. हवामान खातेही उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागाला किमान ४० आणि किनारपट्टीला किमान ३७ अंशांची पायरी धरते, ते याचमुळे. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता.

विदर्भातून कल्याण-अंबरनाथला आलेली कुटुंबे कूलर घेऊन येतात आणि मग सांगतात की इथे कूलर चालत नाही. कूलर बिघडलेला नसतो. तोही पाणी वाळवूनच हवा थंड करतो. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत त्याचे काम झकास चालते. दमट हवेत तो खोलीतला ओलावा वाढवतो आणि त्रास दुप्पट करतो. नागपुरातही जुलै उजाडला की तोच अनुभव येतो. म्हणजे किनाऱ्याकडे खोली घेताना समोरासमोर दोन तोंडे हवीत, एक दार आणि एक खिडकी किंवा निदान झरोका, म्हणजे वारा आरपार जाईल. विदर्भ-मराठवाड्यात दुपारच्या वाऱ्यापेक्षा छप्पर आणि सावली महत्त्वाची, कारण तिथला दुपारचा वारा म्हणजे लूच.

आता छपराकडे येऊ. पत्रा लवकर तापतो आणि लवकर निवतो. दुपारी पत्र्याखाली उभे राहिलात तर डोक्याला धग लागते. ती नुसत्या हवेची नसते, तापलेला पत्रा चुलीसारखी आच खाली फेकत असतो. पंखा लावून ती आच थांबत नाही. पण सूर्य मावळला की तासा-दोन तासांत तोच पत्रा गार होतो. स्लॅबचे उलटे. वर उघडी गच्ची असलेला सर्वात वरच्या मजल्याचा स्लॅब सकाळी थंड वाटतो, दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते खाली सोडत राहतो. वर आणखी एक मजला असेल तर मात्र स्लॅबखालची खोली सर्वात सुखाची.

यातून एक गोष्ट निघते आणि ती आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खोली बघायला घरातला कमावता माणूस जातो, बहुधा संध्याकाळी कामावरून सुटल्यावर. तेव्हा पत्रा निवलेला असतो, वारा सुटलेला असतो, आणि खोली पसंत पडते. पण तो त्या खोलीत फक्त झोपतो. दुपारी बारा ते चार तिथे असतात म्हातारी आई, बाळंतीण, तान्हे बाळ, घरी बसून मणी ओवणारी किंवा पाकिटे चिकटवणारी बहीण. रात्रपाळी करणारा भाऊ त्याच वेळी झोपायचा प्रयत्न करत असतो. म्हणून दुपारी घरात कोण असते हे आधी ठरवा आणि त्या माणसाला घेऊन भरदुपारी खोली बघा. दार लावून अर्धा तास बसा. घरमालक चहा पाजेल, एजंट घाई करेल, तरी उठू नका.

म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते आणि घामही कमी येतो. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवून शरीरातले पाणी कमी करणाऱ्या असतात. गोळी मनाने बंद करू नका, पण उन्हाळ्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या. तापलेल्या खोलीत माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या, अंग भट्टीसारखे लागले तर तो उष्माघात समजा. कधी घाम थांबलेला असतो, कधी नसतो, त्यावर जाऊ नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. गाडीची वाट बघताना अंग गार करणे सुरूच ठेवा, त्यावर जीव अवलंबून असतो.

विदर्भातल्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट. तिकडे आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याच्या अंगातले पाणी कमी झाले किंवा त्याला थंडी वाजली की रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकू लागतात. अशा घराने खोली बघताना उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही बघायला हवेत. पत्र्याची खोली मे महिन्यात भाजते, आणि डिसेंबरच्या पहाटे त्याच पत्र्याखाली हुडहुडी भरते. ज्या घरात सिकलसेलचे लेकरू आहे त्या घराने पाचशे-हजार रुपये जास्त मोजून पत्रा टाळावा, असे आम्ही स्पष्ट सांगतो. वेदनेचा एक झटका आला की दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी यात ते पैसे तसेही जातात.

पाण्याचे मात्र उन्हासारखे नाही. ऊन सोसता येते, कमी करता येते. चुकीच्या जागी आलेले पाणी एका रात्रीत सगळे नेते. घाटकोपरला जुलै २००० मध्ये टेकडीची दरड झोपड्यांवर आली. मालाडला २ जुलै २०१९ च्या रात्री भिंत कोसळली. चेंबूर आणि विक्रोळीला १८ जुलै २०२१ च्या पहाटे तेच घडले. मालाड, चेंबूर आणि विक्रोळीला लोक झोपेत होते. डोंगराच्या पायथ्याची किंवा उंच संरक्षक भिंतीला टेकलेली खोली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आधीच राहत असाल तर भिंतीतली पाणी निघायची भोके बघा. पावसात त्यांतून पाणी यायलाच हवे. ती बुजली असतील, भिंतीला पोट आले असेल, वरची झाडे किंवा खांब कलले असतील, तर मुसळधार पावसाच्या रात्री तिथे झोपू नका.

नाल्याकाठच्या खोलीची चौकशी एजंटकडे करू नका. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला किंवा किराणा दुकानदाराला विचारा, त्याचा माल भिजलेला असतो. शेजाऱ्यांच्या घरात डोकवा. फ्रिज विटांवर चढवलेला दिसला, विजेचे मीटर खांद्याच्या वर बसवलेले दिसले, की काय ते समजा. मुंबईत मोठा पाऊस आणि समुद्राची मोठी भरती एकाच वेळी आली की नाल्यांचे पाणी समुद्रात जात नाही, ते गल्लीत उलटे येते. त्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोचा जंतू तिथून शिरतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती. साचलेल्या पाण्यातून चालून आलात तर ताप यायची वाट न बघता एक-दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत पालिकेच्या दवाखान्यात दाखवा. प्रतिबंधाची गोळी तिथे देतात.

ओल हा तिसरा पाहुणा. भिंतीचे पोपडे, नव्या रंगाखालून फुगलेला जुना गिलावा, कोपऱ्यात कुबट वास. घरात कोणाला दमा असेल तर अशी खोली नको. मालकाने नुकताच रंग काढला असेल तर हात लावून बघा. बंद, अंधाऱ्या खोलीचा आणखी एक धोका क्षयाचा. गोवंडीतल्या पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. तिथे झालेल्या पाहणीत खालच्या मजल्यांवर क्षयाचे रुग्ण जास्त आढळले. पक्के घर मिळाले म्हणून आपण हार-तुरे घेतो, आणि ते घ्यावेतच. पण चावी घेण्याआधी खिडकीसमोर काय आहे ते बघा, आणि मजला मागता येत असेल तर वरचा मागा.

मग हवामानाला किती महत्त्व द्यायचे? आमचे मत असे की दरड आणि पूर यांच्यापुढे भाडे, शाळा, स्टेशन काहीच बघू नये. ओल आणि अंधार यांना घरातल्या आजारानुसार तोलावे. उन्हाच्या बाबतीत मात्र घासाघीस चालते, कारण छप्पर थोडेफार सुधारता येते. केवळ हवेशीर आहे म्हणून कामापासून दोन तास लांब जागा घेणे हेही शहाणपणाचे नाही. रोजची लोकलची गर्दी आणि अपुरी झोप यानेही माणूस खचतोच.

पत्रा असेलच तर मार्च संपायच्या आत त्यावर चुन्याचे दोन हात द्या, डिंक घालून, म्हणजे पहिल्याच झडीत धुऊन जाणार नाही. पांढरा पत्रा ऊन परत फेकतो आणि खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी लढायची योजना आखली. वस्त्यांतली छपरे पांढरी करायचे कामही तिथे पुढे त्याच योजनेतून झाले. पत्र्याखाली एक वीत जागा सोडून बांबूची चटई किंवा थर्माकोलचे छत लावले तर आच अडते. थर्माकोल मात्र चुलीच्या आणि वायरिंगच्या जवळ नको. पावसाळ्यात ताडपत्री उडू नये म्हणून आपण वर जुने टायर ठेवतो. त्या टायरांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्याभरात तयार होतो. टायरांऐवजी वाळूच्या पिशव्या ठेवा.

त्या ताईंचे काय झाले ते सांगायचे राहिले. त्या सासूबाईंना घेऊन दुपारी दोन वाजता दोन्ही खोल्या बघून आल्या. खालच्या खोलीत कपाट सरकवले तर मागे कमरेएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ होती. त्यांनी वरची घेतली, पण मालकाकडून चुना आणि एक झरोका कबूल करून. तरीही मे महिन्याच्या दुपारी आजींना तिथे बसवेना. मग विहाराच्या मंडळाने बारा ते चार सभागृहाचे दार उघडे ठेवायचे ठरवले. वर मजला असलेला स्लॅब, चार पंखे, माठभर पाणी. पहिल्या आठवड्यात तीन आज्या येत होत्या. महिनाअखेरीस अकरा झाल्या, आणि त्यांच्या मांडीवर दोन तान्ही लेकरे.