जुना पडदा, नवा तोंडवळा

यवतमाळ जिल्ह्यांतील आर्णी या गांवास रेल्वे नाहीं. मुंबईची गाडी धरावयाची, तर यवतमाळवरून धामणगांव गांठावें लागतें. शयनयान वर्गाचें तात्काळ आरक्षण आदल्या दिवशीं सकाळीं 11 वाजतां उघडतें आणि सणासुदीच्या दिवसांत पाहतां पाहतां संपतें. त्या घटकेस आरक्षणाच्या खिडकीपाशीं उभ्या असलेल्या उतारूची सारी भिस्त आंतल्या कारकुनाच्या बोटांवर असते. गाडीचा पांच आंकडी क्रमांक, तारीख, धामणगांवासाठीं ठरलेलीं ‘डीएमएन’ हीं तीन अक्षरें, वर्गाची खूण, हें सर्व कळफलकाकडे न पाहतां उमटविणारा कारकून संगणकाच्या अक्षरी पडद्यानें घडविला. त्या पडद्यावर चित्रें नसत. अक्षरांच्या ओळी तेवढ्या असत. हा ओबडधोबड पडदा टाकून देऊन त्या जागीं सुबक, सचित्र पडदा आणावा कीं नाहीं, हा प्रश्न रेल्वेप्रमाणेंच बँका, विमा कचेऱ्या आणि रुग्णालयें यांच्यापुढेंहि आहे.

या पडद्याचें कूळ जुनें आहे. त्याच्या एका ओळींत बहुधा 80 अक्षरें मावतात. हा आंकडा म्हणजे 1928 सालीं निघालेल्या, भोंकें पाडून माहिती नोंदविण्याच्या कार्डावरील 80 रकान्यांचा वारसा होय. भारतीय रेल्वेचें संगणकीय आरक्षण 1986 सालीं दिल्लीस रुजलें, पुढल्या वर्षीं मुंबईस आलें, आणि 1999 पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद हीं पांचहि केंद्रें एकमेकांस जोडलीं गेलीं. त्यापूर्वीं जाडजूड नोंदवह्यांतून जागा शोधीत बसावें लागे.

जुन्या पडद्याचे कैवारी केवळ सवयीचे गुलाम आहेत, असें समजणें अन्यायाचें होईल. त्यांच्या बाजूचा दाखला मराठी दप्तरांतच सांपडतो. मोडी लिहितांना लेखणी वारंवार उचलावी लागत नसे, म्हणून कचेरींत व पेढीवर ती चाले. बालबोध वाचण्यास सोपी, म्हणून छापखान्यानें ती उचलली. एक लिहिणाऱ्याच्या सोयीची, दुसरी वाचणाऱ्याच्या. अक्षरी पडदा हा मोडीच्या जातीचा आहे: शिकण्यास कठीण, पण हातीं बसला म्हणजे वेगवान. दिवसभर नोंदी करणाऱ्यास दर वेळीं कळफलक सोडून माऊस धरावा लागला, तर कारकुनाचा वेळ जातोच. परंतु रांगेंतील शेवटच्या माणसाचें नुकसान त्याहून मोठें.

मात्र मोडीची दुसरी बाजूहि आहे. जाणकार संपले, कीं दप्तर मुकें होतें. 2023 सालीं मराठवाड्यांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां मोडी वाचणारे धुंडाळावे लागले. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यावर 2020 सालीं अशीच पाळी आली. साथीच्या काळांत बेकारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा लोटला, आणि कोबोल या जुन्या संगणकीय भाषेंतील यंत्रणा सांभाळण्यासाठीं राज्यपालांना जाणकारांस जाहीर साद घालावी लागली. आपल्याकडेहि रेल्वे आरक्षणाचा भार 2010 पासून ज्या इटानियम जातीच्या यंत्रांवर आला, त्यांचे गाभे पुरविणें इंटेल कंपनीनें 2021 सालीं थांबविलें.

येथेंच लोकांचा घोटाळा होतो. आंतला सांगाडा जुना झाला म्हणून तोंडवळाहि बदललाच पाहिजे, असें नाहीं. आणि नुसता तोंडवळा रंगविल्यानें सांगाडा तरुण होत नाहीं. 2002 सालीं आय.आर.सी.टी.सी.नें घरबसल्या तिकिटें देण्यास आरंभ केला, तेव्हां जनतेसाठीं निराळें सचित्र दार उघडलें. मागचें कोठार तेंच राहिलें, आणि खिडकीवरचा कारकून आपल्या अक्षरी पडद्यावर काम करीत राहिला. वर्षांतून दोनदां तिकीट काढणाऱ्या गृहस्थास बोट धरून नेणारा पडदा हवा. आठ तास बसणाऱ्यास सरावाच्या कळा हव्यात. सांगाडा पालटतांना त्या कळा जशाच्या तशा ठेवतां येतात, आणि नवशिक्यासाठीं त्यांचीं कामें पडद्याच्या कडेस लिहितांहि येतात. नवा पडदा पसंत करणाऱ्या अधिकाऱ्यांनीं तो दिल्लीच्या सभागृहांत पाहूं नये. दिवाळीच्या आठवड्यांत, 11 ला पांच मिनिटें कमी असतां, धामणगांवच्या खिडकीमागें कारकुनाच्या शेजारीं खुर्ची टाकून पाहावा.