चारधामची बॅग कशी भरायची?

रब्बीची सुगी उरकली, मुलांच्या परीक्षा संपत आल्या, की आपल्या गटांमध्ये चारधामचा विषय निघतो. वर्षभर बाजूला टाकलेले पैसे मोजले जातात, गाडी ठरते, आणि मग बैठकीत हमखास प्रश्न येतो : बरोबर काय काय घ्यायचं? आज आपण त्याच्यावरच बोलू. या प्रवासात घरून निघताना अंगाची लाही लाही होत असते आणि चार-सहा दिवसांनी त्याच अंगाला हुडहुडी भरते. बॅग नीट भरली नाही तर नुसती गैरसोय होत नाही, कधी कधी जिवावर बेततं.

असं का होतं ते आधी समजून घेऊ. जसजसं उंच जावं तसतशी हवा थंड होते. दर हजार मीटरला पारा साधारण सहा अंशांनी उतरतो. आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. आता चारधाम पाहा. हरिद्वार जेमतेम ३०० मीटरवर आहे. गंगोत्री आणि बद्रीनाथ ३,१०० मीटरच्या आसपास, यमुनोत्री सुमारे ३,२९० मीटर, आणि केदारनाथ जवळजवळ ३,५८० मीटर. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी केदारनाथ वरच राहतं. मे महिन्यात खंडवा, भोपाळ, झाशीकडून जाताना रेल्वेच्या डब्यात चाळीस अंशांच्या पुढचं ऊन असतं. केदारनाथला त्याच महिन्यात रात्री पारा शून्याजवळ जातो, एखाद्या दिवशी बर्फही पडतं. जूनच्या शेवटी तिकडे पावसाळा लागतो, दरडी कोसळतात, रस्ते बंद होतात. म्हणून जायचं तर त्याआधी, नाहीतर पाऊस सरल्यावर. केदारनाथ भाऊबीजेला बंद होतं, तेही ध्यानात ठेवा.

म्हणून बॅग भरताना कॅलेंडरातला महिना पाहू नका, मुक्कामाची उंची पाहा. सामानाचे तीन भाग करा : उन्हाचं, थंडीचं, आणि खांद्यावरचं.

उन्हाचं सामान सगळ्यात थोडं. दोन सुती साड्या किंवा ड्रेस, डोक्याला बांधायला रुमाल, पाण्याची बाटली, मीठ-साखरेची पाकिटं. प्रवासात आपण बायका संडास-बाथरूमची सोय नाही म्हणून पाणीच पीत नाही. हे उन्हात वाईट आणि उंचावर त्याहून वाईट. पाणी प्यायचंच.

थंडीच्या सामानात एकच जाड स्वेटर घेऊन भागत नाही. एकावर एक तीन थर हवेत. अंगालगत थर्मलचा बनियन आणि पायजमा, त्यावर लोकरीचा स्वेटर, आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारा रेनकोट. थरांच्या मध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. चढताना घाम आला की एक थर काढायचा, थांबलं की परत घालायचा. कानटोपी, हातमोजे आणि लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड घ्या.

आता सुती कपड्यांबद्दल. उन्हाळ्यात आपण माठाला ओलं फडकं गुंडाळतो आणि पाणी गार होतं. वरच्या थंडीत भिजलेली सुती साडी आपल्या अंगाचं तेच करते. नऊवारी चालायला आणि घोड्यावर बसायला सोयीची खरी, पण ती भिजली की आठेक मीटर ओलं कापड अंगाला लपेटलेलं राहतं आणि दिवसभर वाळत नाही. म्हणून वरच्या मुक्कामाला लवकर वाळणारी सिंथेटिक साडी किंवा पंजाबी ड्रेस घाला, आत थर्मलचा पायजमा असू द्या. छत्रीचा डोंगरातल्या वाऱ्यात उपयोग नाही. रेनकोट पँटसकट घ्या.

चपलेवर हा डोंगर चढू नका. गौरीकुंडापासून केदारनाथची चढण १६ किलोमीटरच्या आसपास आहे. बूट घ्या, पण निदान महिनाभर आधी घ्या आणि रोज घालून हिंडा. कोऱ्या बुटांनी पहिल्या दोन कोसांतच फोड येतात.

तिसरा भाग खांद्यावरच्या पिशवीचा, आणि सगळ्यात महत्त्वाचा. मोठी बॅग खाली गाडीत किंवा मुक्कामावर राहते. काही सामान घोडेवाल्याकडे दिलं तर तो पुढे निघून जातो. पाऊस येतो तेव्हा आपल्याजवळ असते ती फक्त खांद्यावरची पिशवी. तिच्यात कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड, मोज्यांसकट, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवा. तो अंग भिजल्यावरच उघडायचा. सोबत रेनकोट, बॅटरी, शिट्टी, पाणी, गूळ-शेंगदाणे किंवा लाडू. आधार कार्ड, यात्रेच्या नोंदणीचा कागद आणि घरचे फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हेही प्लॅस्टिकमध्ये. थंडीत मोबाइलची बॅटरी लवकर उतरते, म्हणून फोन स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. पण नंबर चिठ्ठीवर हवेतच.

औषधंही याच पिशवीत. सगळ्यांच्या गोळ्या आपण आठवणीने भरतो आणि स्वतःच्या विसरतो. बीपी, साखर, थायरॉइड, दमा, ज्या गोळ्या चालू आहेत त्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इन्सुलिन घेणाऱ्या बहिणींनी दोन्ही टोकं सांभाळायची. ते उन्हात तापू द्यायचं नाही आणि वर गोठूही द्यायचं नाही. वरच्या मुक्कामाला ते अंगाजवळ, कपड्यांच्या आत ठेवा.

पाळीचाही विचार आधीच करा. पॅड किंवा कापडी घड्या पुरेशा घ्या, वापरलेले टाकायला वेगळी पिशवी ठेवा. पाळी पुढे ढकलायची गोळी मैत्रिणीने दिली म्हणून घेऊ नका. ती हार्मोनची गोळी असते. बीपी वाढलेलं असेल किंवा रक्ताच्या गुठळीचा त्रास कधी झाला असेल तर ती धोक्याची ठरू शकते. डॉक्टरांना विचारूनच घ्या.

कितीही कपडे घेतले तरी एका गोष्टीवर बॅगेत उपाय नसतो, ती म्हणजे विरळ हवा. केदारनाथच्या उंचीवर एका श्वासात आपल्या गावच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो. डोकं ठणकतं, मळमळतं, दम लागतो. म्हणून वेळापत्रकात दिवस राखून ठेवा. मधल्या उंचीवर एक-दोन मुक्काम करा, सावकाश चाला. बसूनही दम लागत असेल, चालताना झोक जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, तर त्या बाईला ताबडतोब खाली आणा आणि दवाखान्यात न्या. रात्र काढून सकाळी बघू, असं म्हणू नका. 'एवढे पैसे घातलेत, आता दर्शन घेऊनच फिरू' हा हट्ट गटातल्या कुणीच धरू नये. निघण्यापूर्वीच्या बैठकीत हे ठरवून टाका : एकीला उतरावं लागलं तर दुसरी तिच्याबरोबर उतरेल आणि तिला कुणी बोल लावणार नाही.

खर्चाचं म्हणाल तर सगळं विकत घ्यायची गरज नाही. जाऊन आलेल्या बायकांकडून स्वेटर, कानटोप्या, रेनकोट मागून आणा. औषधांचा डबा गटात एकच करा, म्हणजे दहा जणींनी दहा डबे वाहायला नकोत. जाण्याच्या महिनाभर आधी प्रत्येकीने दवाखान्यात तपासून घ्यावं.

आणि शेवटी एक परीक्षा. निघण्याच्या आठ दिवस आधी बॅगा भरा. खांद्यावरची पिशवी घेऊन, बूट घालून, सगळ्या जणी मिळून गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन या. खांदा भरून आला तर घरी येऊन पिशवीतलं काहीतरी काढा. पण कोरड्या कपड्यांचा जोड आणि औषधं काढू नका. एखादी साडी काढा.

सगळ्या जणी सुखरूप जा, सुखरूप या. आणि परतल्यावर तुमचा स्वेटर पुढच्या वर्षी जाणाऱ्या बहिणीसाठी धुऊन, वाळवून ठेवा.