पित्तावरचा काढा कुठवर पुरतो?

कर्करोगाकडे नेणाऱ्या पायऱ्या : जठराचा जुनाट दाह, अस्तर विरळ होणं, तिथे आतड्यासारख्या पेशी येणं, पेशींची विकृत वाढ आणि मग कर्करोग. याला बहुधा अनेक वर्षं लागतात; प्रत्येक रुग्ण शेवटच्या पायरीवर जातोच असं नाही.

मुख्य कारण : हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. १९९४पासून तो कर्करोगकारकांच्या जागतिक यादीत आहे.

चिनी वनौषधी : लाल जिनसेंग असलेलं ‘वेइफुचुन’ चीनमध्ये अस्तर विरळ झालेल्या रुग्णांना देतात. अस्तर सुधारल्याच्या नोंदी आहेत. कर्करोग टळतो, हे मात्र सिद्ध नाही.

लसणाची चाचणी : चीनच्या शानदोंग प्रांतातल्या लिनचू इथे १९९५मध्ये ३,३६५ जणांवर सुरू झाली. त्यातच जिवाणूवर दोन आठवडे औषध दिल्याचा फायदा २२ वर्षांनंतरही दिसला. सात वर्षं लसणाचा अर्क व तेल घेणाऱ्यांत जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू घटले.

पाटोदेकरांसाठी : भाकरीसोबतची लसणाची चटणी जरूर खा, पण तिला औषध समजू नका. पित्तावर ज्येष्ठमध महिनोन्‌महिने घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो. तंबाखू सोडा.

थांबू नका : काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, कारण नसताना वजन घटणं, यांपैकी काही दिसलं तर काढ्यावर दिवस काढू नका. डॉक्टरांना दाखवा, दुर्बिणीतून तपासणीबद्दल विचारा. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. कर्करोगासाठी बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय. वेळेत सापडलेली पायरी माणूस वाचवते.