क्वेरी संपली, पण कनेक्शन सुटलं का?

रात्री स्क्रिप्ट लावून घरी गेलो. सकाळी लॉगच्या शेवटी 'काम पूर्ण' असं दिसलं, पण टेबलमध्ये ओळी बऱ्याच कमी. त्यात लॅबमधली मैत्रीण वैतागलेली: "रात्री डेटाबेसला जोडताच येत नव्हतं. काय लावून ठेवलं होतंस?"

तिला आलेली एरर होती 'रिमेनिंग कनेक्शन स्लॉट्स आर रिझर्व्ह्ड...'. पोस्टग्रेसमध्ये कनेक्शनची मर्यादा मुळात १०० असते. त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव, म्हणजे आपल्यासारख्यांना ९७. ती सगळी माझ्या एकट्याच्या स्क्रिप्टने अडवून ठेवली होती.

अशा वेळी पहिला मोह होतो मर्यादा वाढवण्याचा. तो टाळा. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस चालवतो, त्यामुळे मेमरी जास्त लागते. शिवाय मर्यादा बदलायला सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. आणि गळती असेल तर ५०० सुद्धा भरतात, फक्त थोडं उशिरा. नळ गळत असताना मोठी बादली लावण्यातला प्रकार.

आधी बघायचं, कोण अडवून बसलंय. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या व्ह्यूमध्ये प्रत्येक कनेक्शनची एक ओळ असते. त्यातला 'स्टेट' हा कॉलम महत्त्वाचा. 'ॲक्टिव्ह' म्हणजे क्वेरी खरंच चालू आहे. 'आयडल' म्हणजे कनेक्शन रिकामं बसलंय. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडून कुणीतरी निघून गेलंय. हा प्रकार सगळ्यात वाईट, कारण त्याने घेतलेली लॉक सुटत नाहीत आणि व्हॅक्यूमला मेलेल्या ओळी साफ करता येत नाहीत. एक लक्षात ठेवा: रिकाम्या कनेक्शनसमोर दिसणारी क्वेरी शेवटची चाललेली असते, आत्ता चालू असलेली नव्हे.

पण माझी स्क्रिप्ट संपली होती, म्हणजे सकाळी पुरावाच गायब! म्हणून बिघडलेल्या थोड्याच फायली घेऊन ती दिवसा पुन्हा चालवली आणि हा व्ह्यू बघत बसलो. दर बिघडलेल्या फायलीमागे 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'चा आकडा एकाने वाढत होता. नीट चाललेल्या फायलींना काहीच होत नव्हतं.

आता कारण. फाइल आधी येऊन गेली आहे का, हे मी सिलेक्टने तपासत होतो. सायकोपीजी २ मध्ये नुसत्या सिलेक्टनेही ट्रान्झॅक्शन सुरू होतं. पुढे फाइल वाचताना एरर आली की क्लोजची ओळ राहून जायची. तरीही फंक्शन संपल्यावर पायथनने कनेक्शन आपोआप बंद करायला हवं होतं. पण मी प्रत्येक एरर शेवटी छापण्यासाठी एका लिस्टमध्ये ठेवत होतो. एररसोबत तिचा ट्रेसबॅक असतो, ट्रेसबॅक फंक्शनचे व्हेरिएबल धरून ठेवतो आणि त्यातच कनेक्शन असतं. ९७ फायली बिघडल्या आणि दार बंद झालं. त्यानंतर कनेक्ट होतानाची एररही त्याच एक्सेप्टने गिळली.

दुरुस्ती दोन ओळींची: लिस्टमध्ये एररचा फक्त मजकूर ठेवला आणि क्लोज 'फायनली'मध्ये नेलं. इथे एक खड्डा आहे. सायकोपीजी २ मध्ये कनेक्शनवर 'विथ' लावलं तर ट्रान्झॅक्शन मिटतं, कनेक्शन बंद होत नाही. सायकोपीजी ३ मध्ये मात्र ते बंद होतं. त्यामुळे जुना कोड उचलताना व्हर्जन बघा.

तुम्ही एसक्यूएलअल्केमी वापरत असाल तर पूलमध्ये मुळात ५ आणि वरची १० अशी १५ कनेक्शन मिळतात. तपासणीसाठी हे आकडे १ आणि ० करा. १५ वेळा चुकल्यावर दिसणारी गळती मग पहिल्याच फटक्याला सापडते. शिवाय कनेक्शनला ॲप्लिकेशन_नेम द्या, म्हणजे सामायिक सर्व्हरवर कुणाची स्क्रिप्ट अडलीय ते लगेच कळतं.

हे सगळं सिस्टिम ॲडमिनचं काम वाटेल. पण माझ्या फायली वर्षांच्या क्रमाने होत्या, त्यामुळे गळालेला डेटा सगळा शेवटच्या वर्षांचा होता. तसाच आलेख काढला असता तर त्यात छान उतार दिसला असता आणि मी त्याचं कारण शोधत बसलो असतो. म्हणून आता स्क्रिप्ट संपली की आधी मोजतो: फायली किती आत गेल्या, ओळी किती बाहेर आल्या. हिशेब जुळल्याशिवाय आलेख नाही.