साथीचा हात : ‘लीज अँड लीफ’ आणि सायमन निकल

गायनाच्या बैठकींतून घरीं परततांना मंडळी गवयाविषयीं बोलतात, फार झालें तर तबलजीविषयीं. तंबोऱ्यावर बसलेल्या माणसाचें नांव विचारणारा विरळाच. इंग्लंडांतील एका फार गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या बाबतींत हाच प्रकार गेलीं पन्नासांवर वर्षें चालला आहे, आणि त्यासंबंधानें चार शब्द लिहावे असें आम्हांस बरेच दिवस वाटत होतें.

ती मुद्रिका म्हणजे ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ ह्या वादकमंडळीची ‘लीज अँड लीफ’. डिसेंबर १९६९ मध्यें ती बाहेर पडली. नांवांतील दोन्ही शब्द जुन्या इंग्रजींतले. पहिल्यांत निष्ठेचा, तर दुसऱ्यांत राजीखुषीनें सिद्ध असण्याचा भाव आहे. आपल्या देशाचीं जुनीं लोकगीतें विजेच्या गिटारी, ड्रम आणि फिडल यांच्या साथीनें गावयाचीं, हा ह्या मुद्रिकेचा बाणा. २००६ सालीं बी. बी. सी.च्या श्रोत्यांनीं आजवरची सर्वांत प्रभावी लोकसंगीत-मुद्रिका म्हणून हिलाच कौल दिला.

परंतु ती निर्माण झाली ती एका मोठ्या दुःखांतून. उत्तर लंडनच्या मसवेल हिल भागांत ‘फेअरपोर्ट’ नांवाचें एक घर होतें. सायमन निकल ह्यांचे वडील डॉक्टर. तेथेंच त्यांचा दवाखाना असे. ह्याच घरीं कांहीं तरुणांच्या तालमी होत, आणि १९६७ सालीं मंडळीस घराचेंच नांव पडलें. दोन वर्षांत लौकिक वाढला. तोंच १२ मे १९६९ रोजीं बर्मिंगहॅमचा जलसा आटोपून परततांना त्यांची गाडी रस्त्यावरून उलटली. ड्रमवादक मार्टिन लँबल अवघ्या १९ वर्षांचा. तो गेला, आणि गिटारवादक रिचर्ड टॉम्सन ह्यांची मैत्रीणही गेली. निकल त्याच गाडींत होते. इतरांच्या मानानें त्यांस दुखापत थोडी झाली.

आतां मंडळी मोडावी कीं चालवावी, हा प्रश्न साधा नव्हता. चालवावयाची तर लँबलबरोबर बसविलेलीं जुनीं गाणीं पुन्हा वाजवावयाचीं नाहींत, असें ठरलें. बासवादक अ‍ॅशली हचिंग्स लंडनांतील सेसिल शार्प हाउस ह्या लोकसंगीताच्या ग्रंथालयांत जाऊन जुने संग्रह धुंडाळूं लागले. डेव्ह स्वॉरब्रिक हे फिडलवादक आणि डेव्ह मॅटॅक्स हे नवे ड्रमवादक येऊन मिळाले. सँडी डेनी ह्या गायिका होत्याच. हॅम्पशायरांतील फार्ली चेंबरलेन ह्या खेड्यांत एक मोठें घर भाड्यानें घेऊन सगळ्यांनीं तो उन्हाळा तालमींत घालविला. २४ सप्टेंबरला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्यें हीं गाणीं लोकांपुढें आलीं आणि लागलीच ध्वनिमुद्रण झालें. एवढा घाव बसल्यावर सहा महिन्यांच्या आंत हें काम उभें राहिलें!

मुद्रिकेविषयीं कोणीही बोलूं लागला कीं डेनीबाईंचा कंठ, टॉम्सन ह्यांची गिटार आणि स्वॉरब्रिक ह्यांचें फिडल, हीं तीन नांवें निघतात. तीं योग्यच आहेत. पण आमच्या वाचकांनीं ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ हें गाणें एकवार लक्ष देऊन ऐकावें. अमेरिकन पंडित चाइल्ड ह्यांच्या प्रसिद्ध संग्रहांत हें ८१ वें गीत आहे. सरदाराची पत्नी, तिचा तरुण प्रियकर आणि संतापलेला धनी यांची ही रक्तरंजित कथा. (मुलांदेखत अर्थ सांगण्याजोगी नव्हे, हें आधींच बजावून ठेवतों.) कथा संपते आणि वाद्यें मात्र थांबत नाहींत, कांहीं मिनिटें फिडल आणि गिटार एकमेकांस हांक देत, झगडत धांवतात. त्या धांवण्याखालची जमीन कोणाची? ड्रम आणि बास आहेतच. परंतु त्यांच्यावर अखंड, न डगमगतां तारा छेडणारी दुसरी गिटार आहे, ती निकल ह्यांची. ती क्षणभर मनांतून वगळून पाहावी, म्हणजे वरच्या दोघांचा डौल कितपत टिकतो तें कळेल.

‘टॅम लिन’ तर ह्याहून कठीण. परीराणीनें पळविलेल्या तरुणास जॅनेट नांवाची मुलगी सोडविते. तो तिच्या मिठींत साप होतो, सिंह होतो, तरी ती मिठी सोडीत नाहीं. ह्या सात मिनिटांहून मोठ्या गाण्याची लय सरळ चालत नाहीं. ती मध्येंच अडखळते, आणि आघात अनपेक्षित मात्रेवर पडतात. अशा ठिकाणीं साथीदाराचा हात केसभर चुकला तर गाणेंच कोसळावें. निकल ह्यांचें वय त्या वेळीं १९!

मुद्रिकेंतलें सारेंच सारख्या तोलाचें आहे असें नव्हे. आरंभींचें ‘कम ऑल यी’ आम्हांस केवळ आमंत्रणपत्रिकेसारखें वाटतें. उलट ‘रेनर्डाइन’मध्यें ठेका जवळजवळ नाहींच, स्वराखालीं गिटारी नुसत्या पाण्यासारख्या हलतात. शेवटच्या ‘क्रेझी मॅन मायकेल’चे शब्द टॉम्सन ह्यांचे व चाल स्वॉरब्रिक ह्यांची, आपल्याच हातून प्रिय व्यक्तीचा घात झालेल्या वेड्याचें तें गीत. त्यांत मे महिन्यांतील अपघाताची छाया शोधणारे पुष्कळ आहेत, आणि ऐकतांना आमच्याही मनांत ती शंका येते.

मुद्रिका बाजारांत येण्यापूर्वींच मंडळी फुटली. डेनीबाई गेल्या, हचिंग्स गेले; १९७१ च्या आरंभीं टॉम्सनही गेले. त्या वर्षीं ‘एंजल डिलाइट’ ही मुद्रिका निघाली, तेव्हां गिटारीचा सगळा भार एकट्या निकल ह्यांजवर पडला, आणि तो त्यांनीं उचलला. वर्षअखेर तेही बाहेर पडले, पण १९७६ त परत आले. १९७९ मध्यें ऑक्सफर्डशायरांतील क्रॉप्रेडी गांवीं निरोपाचा जलसा झाला. तरी श्रोत्यांचा लोभ सुटेना, आणि तेथें वार्षिक मेळाच भरूं लागला. १९८५ पासून मंडळी पुन्हा नियमित उभी राहिली. मूळ संस्थापकांपैकीं तींत उरले ते एकटे निकल. ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ तेव्हांपासून तेच गातात. गळ्यांत गिटार, आणि हात पूर्वींसारखाच साथीवर.