वर्ण की वरुण? एका जुन्या संकेतस्थळाच्या स्थलांतराची हकिगत

२०२४च्या गणपतीआधी आमच्या संस्थेला होस्टिंग कंपनीचा ई-मेल आला. तुमचे संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर आहे तो आम्ही दोन महिन्यांत बंद करणार आहोत, त्यावरची पीएचपी फार जुनी आहे, नव्या सर्व्हरवर तुमचे संकेतस्थळ चालेलच असे नाही, अशा अर्थाचा. संस्था म्हणजे शनिवार पेठेतले एक जुने वाचनालय. कार्यकारिणीच्या बैठकीत मी तो मजकूर वाचून दाखवला, तेव्हा पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे आली : "चालतंय ना सध्या? मग कशाला हात लावायचा?"

संकेतस्थळ २००९ साली एका सभासदाच्या इंजिनिअर मुलाने हौसेने उभारले होते. तो आता परदेशी असतो. वाचनालयाच्या त्रैमासिकातले लेख त्यावर होतेच; पण ते छापील अंकांतही आहेत, त्यांची मला तितकी काळजी नव्हती. काळजी होती ती वाचकांच्या आठवणींच्या सदराची. पेठांतल्या म्हाताऱ्या माणसांनी स्वतः टंकून किंवा नातवंडांकडून टंकून घेऊन पाठवलेले हे लेखन फक्त संकेतस्थळावरच होते. वाड्यांतले नळ, रेशनच्या रांगा, १२ जुलै १९६१ला पानशेत फुटल्यावर माळ्यावर काढलेली रात्र. लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण आता हयात नाहीत. पानशेतनंतर नदीकाठच्या घरांत महत्त्वाचे कागद वरच्या फळीवर ठेवायची सवय लागली. संगणकातल्या मजकुराला मात्र वरची फळी कोणती, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

'कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम', म्हणजे सीएमएस, हे नाव जड आहे; गोष्ट साधी आहे. १९९०च्या दशकात संकेतस्थळाचे प्रत्येक पान हाताने रचत. शीर्षक, मजकूर, रंग, समास सगळे एकाच फाइलमध्ये. नाव बदलायचे तर दोनशे पाने उघडा आणि दोनशे वेळा बदला. सीएमएसने मजकूर आणि मांडणी यांची फारकत केली. मजकूर डेटाबेसच्या तक्त्यांत जातो, मांडणीचा साचा वेगळा राहतो आणि वाचकाने पान मागितले की पीएचपीसारख्या भाषेत लिहिलेला कार्यक्रम दोन्ही जुळवून पान तयार करतो. जुळारी खिळे लावून फर्मा तयार करतो तसेच. फक्त येथे प्रत्येक वाचकासाठी फर्मा नव्याने लागतो आणि लगेच सुटतो.

आमचे संकेतस्थळ द्रुपलवर होते. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या द्रिस ब्यूटार्ट या विद्यार्थ्याने आपला कार्यक्रम जानेवारी २००१मध्ये सर्वांना खुला केला, तो हा द्रुपल. त्याला 'खेडे' या अर्थाच्या 'डोर्प' या डच शब्दाच्या नावाने संकेतस्थळ हवे होते, घाईत 'ड्रॉप' टंकले गेले आणि पुढे थेंबासाठी असलेल्या डच शब्दावरून हे नाव आले. टंकनाच्या चुकीतून जन्मलेली प्रणाली आम्हाला पुढे टंकाच्याच प्रश्नात घालणार होती, हा योगायोग. मराठी जालावर द्रुपलचे ऋण मोठे आहे. २००४चे मनोगत आणि २००७चे मिसळपाव ही स्थळे त्यावरच उभी राहिली, आणि त्यांच्याही आधीपासून, १९९६पासून, चालत आलेली मायबोली पुढे त्यावरच आली.

अशी प्रणाली जुनी होते म्हणजे नेमके काय होते? लाकूड किडते तसे काही होत नाही. २००९चा कार्यक्रम आजही अक्षर न् अक्षर तसाच असतो. बदलते ते भोवतालचे. खाली पीएचपी असते, डेटाबेस असतो, त्याखाली सर्व्हरची कार्यप्रणाली. पीएचपीच्या पाचव्या मालिकेतल्या शेवटच्या, ५.६ या आवृत्तीची सुरक्षा-दुरुस्ती ३१ डिसेंबर २०१८ला थांबली. २०२०च्या अखेरीस आठवी मालिका आली, आणि जुन्या लिखाणातल्या ज्या गोष्टींकडे आधीच्या मालिका काणाडोळा करत, त्यांतल्या कित्येकांवर ती अडून बसते. आमचे द्रुपल सहाव्या आवृत्तीचे होते. त्याचा अधिकृत सांभाळ २४ फेब्रुवारी २०१६ला संपला होता. म्हणजे आम्ही आठ वर्षे कुलूप नसलेल्या घरात राहत होतो आणि काही चोरीला गेले नाही म्हणून कुलूप आहे असे समजत होतो.

खरे तर चोर येऊन गेलाही होता. मार्च २०१८मध्ये द्रुपलमधली एक मोठी फट जाहीर झाली. तिला सहावी, सातवी, आठवी या सगळ्याच आवृत्त्या बळी पडत होत्या. आम्ही फाइलींची मोजदाद केली तेव्हा चित्रांच्या फोल्डरमध्ये कोणीतरी आणून ठेवलेली तीन भलतीच पाने निघाली. शोधयंत्रात वाचनालयाच्या नावाखाली औषधांच्या जाहिराती का दिसतात, या एका सभासदाच्या जुन्या तक्रारीचा उलगडा तेव्हा झाला. त्यांना आम्ही "तुमच्याच फोनमध्ये काहीतरी असेल" असे उत्तर दिले होते.

द्रुपलच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. नोव्हेंबर २०१५मधली आठवी आवृत्ती जवळजवळ नव्याने लिहिलेली होती, त्यामुळे सातव्यापर्यंतच्या स्थळांना तिच्यावर 'चढवता' येत नाही. नवे घर बांधून सामान हलवावे लागते. जगभर इतक्यांनी हे टाळले की सातव्या आवृत्तीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवत अखेर ५ जानेवारी २०२५ला संपवावी लागली. तेव्हा आळशी आम्ही एकटे नव्हतो.

आता माझ्या चुकीबद्दल. डेटाबेसची प्रत मी काढली. ती ज्या सॉफ्टवेअरमधून पार केली, त्याने मजकूर कोणत्या संकेतनात आहे हे विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. फाइलचा आकार भरघोस दिसला, मी खूश झालो. सर्व्हर ठरल्या दिवशी बंद झाला. आठवड्याने प्रत उघडून पाहिली तर मराठीचे एक अक्षर नाही. रोमन 'ए'वर तिरक्या रेघा, चलनाची चिन्हे आणि जपानी येनांचा पाऊस.

हा प्रकार जरा सविस्तर सांगतो, कारण मराठीपुरती त्याची एक खास खोच आहे. युनिकोडची यूटीएफ-८ ही पद्धत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन अंकांत साठवते. 'क' म्हणजे २२४, १६४, १४९. वाचणाऱ्या यंत्राला ही तिकडी आहे हे माहीत नसेल आणि पश्चिम युरोपासाठीचा विंडोजचा जुना तक्ता ते वापरत असेल, तर ते तीन सुटी अक्षरे काढते : २२४चा रेघेचा 'ए', १६४चे चलनचिन्ह, १४९चा ठिपका. देवनागरीचा पूर्वार्ध, पहिल्या वेलांटीपर्यंतचा, १६४च्या घरात येतो. दुसऱ्या वेलांटीपासून पुढे घर १६५चे आणि १६५ म्हणजे येन. म्हणून दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त जिथे जिथे असेल तिथे येन.

एवढेच असते तर हरकत नव्हती. उलटी क्रिया केली की मजकूर परत येतो, पाच मिनिटांचे काम. पण त्या पाश्चात्त्य तक्त्यात पाच खोल्या रिकाम्या आहेत : १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. त्या क्रमांकाला अक्षरच नाही. माझ्या सॉफ्टवेअरने तिथे प्रश्नचिन्ह टाकले आणि मूळचा अंक कायमचा पुसला. या पाच खोल्यांत मराठीचे कोण राहते? १६५च्या घरात १२९ला ह्रस्व उकार आणि १४१ला हलन्त, म्हणजे आपली सारी जोडाक्षरे. १६४च्या घरात ए, ऐ आणि झ. शिवाय चंद्रबिंदू आणि ऍ. युरोपासाठी आखलेल्या तक्त्यातली रिकामी जागा नेमकी आपल्या वर्दळीच्या चौकात आली.

'ठ'ची गंमत वेगळी. त्याचा शेवटचा अंक १६०, पाश्चात्त्य तक्त्यात ती न तुटणारी मोकळी जागा. सॉफ्टवेअरने तिची साधी मोकळी जागा केली आणि 'मराठी'तला ठ हरपला. पण त्या जागी दुसरे काही येऊ शकत नसल्याने तो यंत्राने परत आणला.

उकार आणि हलन्त यांचे तसे नव्हते. दोघांच्या जागी एकच प्रश्नचिन्ह. 'प?णे' हे पुणेच असणार, 'प्णे' असा शब्द नाही. अशी बहुतेक प्रकरणे शब्दयादीशी ताडून सुटली. पण 'वर?ण' हे वर्ण की वरुण? 'कर?ण' म्हणजे कर्ण की करुण? वाक्याच्या सुरुवातीला '?क' आले तर ते एक की ऐक? महाभारतावरच्या लेखात कर्णही असतो आणि तो करुणही असतो. येथे यंत्र हात वर करते. आमच्या वाचनालयात एक निवृत्त मुद्रितशोधक रोज दुपारी वर्तमानपत्र वाचायला येतात. त्यांना विचारले. ते म्हणाले, "कागदावर छापून द्या, पडद्यावर मला दिसत नाही." सुमारे चारशे पाने छापून दिली. ती त्यांनी लाल पेनाने तपासली, आणि जाता जाता मूळ लेखकांच्या शुद्धलेखनाच्या चुकाही सुधारल्या. त्या मात्र आम्ही परत जशाच्या तशा केल्या. यावरून आमचा थोडा वाद झाला, तो अजून पुरता मिटलेला नाही.

दुसरी मदत अमेरिकेतल्या 'इंटरनेट अर्काइव्ह'ची. १९९६पासून ही संस्था जगभरच्या पानांच्या प्रती घेत असते आणि २००१पासून 'वेबॅक मशीन'मधून त्या कोणालाही पाहता येतात. आमच्या सदराची निम्म्याहून थोडी अधिक पाने तिथे शाबूत होती. शनिवार पेठेतल्या आठवणी सॅन फ्रान्सिस्कोच्या फळीवर जपल्या गेल्या होत्या.

मग उरले ते न दिसणारे फरक. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८च्या ५.१ आवृत्तीत आले, आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने त्याला वर्णमालेत जागा मिळाली. त्यापूर्वी लोक 'अ'ला जोडक लावून त्यावर चंद्र चढवत, किंवा हिंदी वळणाचा 'ऍ' वापरत. डोळ्याला सारखेच, यंत्राला तीन निराळे शब्द. म्हणून 'ॲल्युमिनियम' शोधला तर २००९चा लेख सापडेना. त्याहून नाजूक प्रकरण दऱ्यांचे. जुन्या टंकनात हा र साध्या र, हलन्त आणि शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक यांनी बनवत. नव्या सीएमएसमध्ये मजकूर भरताना 'अनावश्यक अदृश्य चिन्हे काढा' अशी एक सोय असते. ती चालू ठेवली तर सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो आणि लग्नातल्या आचाऱ्यांचे आचार्य. आम्ही सगळ्या जुन्या जोड्या आधी 'ऱ्'मध्ये बदलल्या, मगच ती सोय वापरली. मराठी मजकूर हलवणाऱ्या प्रत्येकाने हे आधी करावे असे माझे मत आहे.

पत्त्यांचे काम तुलनेने सोपे होते, तरी बहुतेक जण तिथेच हयगय करतात. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने १९९८मध्येच चांगले पत्ते बदलत नाहीत असे बजावले होते. मराठी विश्वकोशाचे उदाहरण पाहा. तर्कतीर्थांनी उभारलेला हा कोश जालावर आला तेव्हा त्याच्या नोंदींचे पत्ते जूमला या सीएमएसच्या लांबलचक धाटणीचे होते. पुढे स्थळ बदलले, पत्ते सुटसुटीत आकडी झाले. नोंदी आहेत, वाचताही येतात; पण जुन्या लेखांच्या तळटीपांत दिलेला जुना पत्ता टंकून कोणी गेला तर नोंदीपर्यंत पोचत नाही. उलट मायबोलीने नवे घर बांधताना जुने 'हितगुज' निराळ्या कप्प्यात वाचण्यापुरते राखले. आम्ही जुन्या-नव्या पत्त्यांची जंत्री करून सर्व्हरला दिली. जुना पत्ता मागितला की नव्याकडे पाठवणी होते.

नवे घर कोणते, यावर बैठका बऱ्याच झाल्या. द्रुपलची दहावी आवृत्ती सुचवली गेली. ती उत्तम आहे, पण तिला सतत राबता माणूस लागतो आणि आमच्याकडे तो नाही. म्हणून चालू कार्यक्रमांच्या सूचना वर्डप्रेसवर ठेवल्या, आणि जुने सगळे लेखन साध्या, गोठवलेल्या पानांत काढले. त्यांना ना डेटाबेस लागतो ना पीएचपी. शोधाची सोय थोडी कमी झाली, प्रतिक्रिया गेल्या. पण उद्या पुन्हा सर्व्हर बदलला तर फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवायचे एवढेच. हाताने रचलेल्या पानांपासून निघून आम्ही बरेचसे तिथेच पोचलो, असे एक सभासद म्हणाले. मला ते नाकारता आले नाही. प्रती आता तीन ठिकाणी आहेत, त्यांतली एक मुद्रितशोधक आजोबांच्या लाल खुणांची, कागदावरची.

सतरा जागा अजून सुटलेल्या नाहीत. पानशेतच्या रात्रीबद्दल एका बाईंनी लिहिले होते. माळ्यावरून पाणी पाहताना आपल्या सासूबाईंनी कोणाचे तरी नाव घेतले, असे त्यात आहे. नाव आहे 'वर?ण'. अर्थाने वरुण ठीक वाटतो. पण सासूबाईंच्या दिराला घरात 'वर्ण' म्हणत, असा दुसऱ्या परिच्छेदात उल्लेख असावा असा संशय आहे, आणि तिथेही तेच प्रश्नचिन्ह आहे. अर्काइव्हकडे हे पान नाही. बाईंच्या मुलीला पत्र पाठवले आहे. तोवर त्या जागी आम्ही चौकटी कंसात दोन्ही शब्द ठेवले आहेत.