जुन्या खेळांचा परकायाप्रवेश

जुनें तें सारें अडगळ, ही समजूत दिवाळीच्या साफसफाईच्या वेळीं घरोघरीं प्रबळ होते. तिलाच वश होऊन आम्हीं पंधरा वर्षांपूर्वीं आमच्या कैलासवासी धाकट्या बंधूंचा संगणक, तबकड्यांच्या खोक्यासह, भंगारवाल्यास देऊन टाकला. सायंकाळीं पुतण्यानें एवढेंच विचारलें, "काका, बाबांचा खेळ त्यांतच होता ना?" आम्ही निरुत्तर झालों.

तो खेळ म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनर नामक अमेरिकन तरुणानें रचलेला हा खेळ १९८९ सालीं ॲपल टू यंत्रासाठीं प्रसिद्ध झाला. पुढें डॉस पद्धतीच्या यंत्रांवर आला. राजपुत्राचें धावणें हुबेहूब वठावें म्हणून मेकनरनें आपल्या धाकट्या भावाच्या हालचालींचें चित्रण करून त्यांवरून चित्रें रेखिलीं. साठ मिनिटांत राजकन्येस सोडवावयाचें! रात्रीं जेवणें आटोपलीं कीं बंधू व पुतण्या ह्या उद्योगांत गढून जात.

गेल्या उन्हाळ्यांत एका ट्रंकेच्या तळाशीं साडेतीन इंची एक तबकडी सांपडली. वर बंधूंचें हस्ताक्षर. बाहेरून जोडावयाच्या वाचकयंत्रानें ती सुदैवानें वाचली गेली. परंतु खेळ कांहीं चालेना. कारण त्या काळचे सोळा-बिटी खेळ आजच्या चौसष्ट-बिटी विंडोजला उमगतच नाहींत.

ह्यावर उपाय 'एम्युलेटर'चा. नट जसा राजाची भूमिका घेतो, तशी ही आज्ञावली जुन्या यंत्राची भूमिका घेते. खेळ जी जी आज्ञा जुन्या प्रोसेसरला देतो, ती ती ऐकून ही नव्या यंत्राकडून तेंच कार्य करवून घेते. पडदा, ध्वनि, कळफलक, सर्वांचें सोंग वठविते. बिचाऱ्या खेळास आपण परक्या देहांत आहों ह्याचा पत्ताच नसतो. २००२ पासून विनामूल्य मिळणारी 'डॉसबॉक्स' ह्यापैकींच. आजच्या यंत्राच्या वेगानें कित्येक जुने खेळ वाऱ्यासारखे धांवूं लागतात. म्हणून तींत वेग आवरण्याची सोयही आहे.

मात्र दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. आपल्या १९५७ च्या कायद्यानें आज्ञावलीची गणना वाङ्मयीन कृतींतच होते. स्वतः विकत घेतलेल्या तबकडीची, ती नष्ट होण्याच्या भयानें, प्रत करून ठेवणें निराळें. परक्याची कृति फुकट वांटणें निराळें. दुसरें असें कीं, तबकडीवरील चुंबकीय लेप कालांतरानें क्षीण होतो. स्वतः मेकनरच्या खेळाची मूळ आज्ञावलीही हरवली होती! २०१२ सालीं त्याच्या वडिलांच्या घरीं जुन्या तबकड्या निघाल्या, जाणत्यांनीं त्या वाचल्या व त्यानें तें सारें जगासाठीं खुलें केलें. आपल्याकडील पोथ्याही कोणीतरी वेळींच नक्कल केली म्हणूनच उरल्या.

खेळ सुरू झाला तेव्हां पुतण्याची कन्या शेजारीं बसली होती. राजपुत्र पहिल्याच खड्ड्यांत पडला. ती हंसली, पुतण्या मात्र गप्पच होता. बंधूंनीं कागदावर काढलेला भुयारांचा नकाशा त्या खोक्यांतच गेला. तो कोणतीही आज्ञावली परत आणूं शकत नाहीं. वाचकांस आमची एवढीच विनंति, कीं येत्या दिवाळींत भंगारवाल्यास हांक मारण्यापूर्वीं खोकें एकदां उघडून पाहावें.